त्या दिवशीचं लाइव्ह

परवा सकाळी एक पोरगा घरी आला. बावीसेक वर्षांचा, अंगात ट्रॅकसूट, बुटांना मैदानावरची लाल माती. चहा नको म्हणाला. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, तुमच्या पेजवर २०२२ चा एक व्हिडिओ आहे. तहसीलसमोरचा. तेवढा काढून टाकता का?"

मी ओळखलं नाही आधी. त्यानेच मोबाइल काढून दाखवलं. ३१ जानेवारी २०२२. माझं लाइव्ह, २३ मिनिटांचं. अकराव्या मिनिटाला निळं स्वेटर घातलेला एक पोरगा डिव्हायडरवर चढून दोन्ही हात वर करून ओरडतोय. तो हा.

त्या व्हिडिओबद्दल मी कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितो. थोडं लांबेल, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरकावं, राग नाही.

ज्यांना तो दिवस आठवत नाही त्यांच्यासाठी. कोरोनाची तिसरी लाट सुरू होती. शाळा बंद होऊन, उघडून, पुन्हा बंद होऊन २४ जानेवारीला परत उघडायला सुरुवात झाली होती. बोर्डाने सांगितलं होतं की दहावी-बारावीची परीक्षा यंदा वर्गात बसूनच होणार, बारावीची ४ मार्चपासून, दहावीची १५ मार्चपासून. पोरांचं म्हणणं होतं, दोन वर्षं शिकवलंत मोबाइलवर, मग परीक्षाही मोबाइलवरच घ्या. सोमवारी ३१ तारखेला मुंबईत धारावीत, तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराजवळ शेकडो मुलं जमली. पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागल्या. त्याच दिवशी नागपूरला बसच्या काचा फुटल्या, इतरही काही शहरांत मुलं रस्त्यावर आली. कुठल्या संघटनेने हाक दिली नव्हती, कुठल्या पक्षाचा झेंडा नव्हता. 'हिंदुस्थानी भाऊ' नावाने इन्स्टाग्राम-यूट्यूबवर प्रसिद्ध असलेल्या विकास पाठक यांनी व्हिडिओतून मुलांना जमायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी धारावी पोलिसांनी त्यांना अटक केली, पुढे जामीनही झाला.

आमच्या गावाचं नाव त्या बातम्यांत कुठेच नव्हतं. पण आमच्याकडेही साठ-सत्तर लेकरं आली होती. एसटीचा संप चालू होता, त्यामुळे खेड्यापाड्यातली पोरं काळीपिवळीला लटकून, काही मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आली. मला फोन आला चहाच्या टपरीवरून, "या लवकर, तहसीलसमोर पोरं बसलेत." मी पोचलो, मोबाइल उभा धरला आणि लाइव्ह सुरू केलं.

खरं सांगतो, माझ्या लाइव्हला तेव्हा दोनशे-तीनशे लोक यायचे. नगरपालिकेची सभा असली तर चाळीस. त्या दिवशी आकडा वर चढत होता आणि माझं लक्ष पोरांकडे कमी, त्या आकड्याकडे जास्त होतं. संध्याकाळपर्यंत ४१ हजार. मी बायकोला दाखवलं. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला शिकवलं होतं की अल्पवयीन मुलाची ओळख उघड होऊ देऊ नये. चांगले मार्कही पडले होते मला त्या पेपरात.

वीस मिनिटं रस्ता अडला. मग पोलीस आले, ढकलाढकली झाली, एक मोटारसायकल पडली, पोरं पांगली. एवढंच. दगड कुणी मारला नाही. रात्री गुन्हा दाखल झाला, जमावबंदीचा भंग, बेकायदा जमाव, साथरोगाची कलमं. पोरं ओळखली कशावरून? माझ्या लाइव्हवरून. ठाण्यातल्या एका ओळखीच्या कर्मचाऱ्याने मला दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं, "तुमच्यामुळं सोपं गेलं राव." मी पण हसलो होतो.

अठराच्या आतली होती त्यांना आईबापासमोर दम देऊन सोडलं. हा पोरगा बारावीला होता, पण मधलं एक वर्ष वाया गेलेलं, अठरा पूर्ण झाले होते दोन महिन्यांपूर्वी. त्याचं नाव कागदावर गेलं.

आता मुद्द्यावर येतो. मोबाइलवरचा एक व्हिडिओ शेकडो मैलांवरच्या पोराला रस्त्यावर कसा आणतो? त्या वेळी आपण सगळ्यांनी सोपं उत्तर दिलं होतं. मीही दिलं होतं, दैनिकात अर्धा कॉलम लिहून. 'रीलच्या नादाला लागलेली पिढी' असं काहीतरी शीर्षक होतं. आज तो कॉलम वाचवत नाही.

कारण त्याच्या आधीच्याच वर्षी मी याच्या अगदी उलट लिहिलं होतं. ११ मार्च २०२१. महाशिवरात्र होती. माझा भाचा तेव्हा पुण्यात नव्या पेठेत एमपीएससीची तयारी करत होता. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं, दिवसभर अभ्यासिकेत, दोन वेळा मेस. १४ मार्चला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा होती. आधीही ती पुन्हा पुन्हा पुढे गेली होती, कधी कोरोनामुळे, कधी मराठा आरक्षणाच्या प्रश्नामुळे. तीन दिवसांवर पेपर आलेला, हॉलतिकिटं काढून झालेली, आणि त्या दिवशी आयोगाचं परिपत्रक आलं, परीक्षा पुढे ढकलली.

भाचा सांगतो ती गोष्ट मला अजून तशीच आठवते. "मामा, अभ्यासिकेत पिनड्रॉप शांतता होती. एकदम एकाच्या मोबाइलची थरथर, मग दुसऱ्याच्या, मग सगळ्या टेबलांवर. टेलिग्रामवर पीडीएफ आली होती. कुणी काही बोललं नाही. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला फक्त. खाली आलो तर शेजारच्या अभ्यासिकेतली पण खाली येत होती."

यात मेख आहे ती बघा. टेलिग्रामवर बोलावलं कुणी नव्हतं. पीडीएफ आली एवढंच. पण ती एकाच मिनिटात अशा हजारो पोरांकडे पोचली जी एकमेकांपासून पाचशे पावलांवर राहत होती, एकाच मेसमध्ये जेवत होती, एकाच चहावाल्याकडे उभी राहत होती आणि एकच दुःख वर्षभर गिळत होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात तेव्हा २५६ च माणसं मावायची, फॉरवर्डही एका वेळी पाच जणांनाच. टेलिग्रामच्या चॅनेलला सदस्यांची मर्यादाच नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं सगळी तिथेच, कारण नोट्स तिथे, जाहिराती तिथे, उत्तरतालिका तिथे. अभ्यासासाठी बांधलेला रस्ता होता तो, त्यावरून आंदोलन गेलं.

शास्त्री रस्ता अडला. आमदार गोपीचंद पडळकर येऊन बसले. रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना राज्याला उद्देशून बोलावं लागलं, आठ दिवसांत परीक्षा होईल असं सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी तारीख जाहीर झाली, २१ मार्च. परीक्षा त्या तारखेला झाली. सकाळी परिपत्रक काढणारं सरकार रात्री मागे सरकलं, हे मी माझ्या वीस वर्षांच्या पत्रकारितेत फार वेळा पाहिलेलं नाही.

तेव्हा मी लिहिलं होतं, 'तरुणाईचा हुंकार'. आणि दहा महिन्यांनी दहावी-बारावीच्या पोरांना 'रीलच्या नादाला लागलेली'. दोन्ही वेळा हातात मोबाइलच होता की. फरक काय होता? पहिल्यांदा पोरं परीक्षा घ्या म्हणत होती, दुसऱ्यांदा वर्गात घेऊ नका म्हणत होती. आपल्याला परीक्षा मागणारी पोरं शहाणी वाटतात.

त्याच शास्त्री रस्त्यावर पोरं पुन्हा बसली. २०२३ च्या फेब्रुवारीत, नवा वर्णनात्मक अभ्यासक्रम २०२५ पासून लागू करा म्हणून, आणि आयोगाने ते मान्य केलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, २५ तारखेला राज्यसेवा पूर्व आणि बँकेची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून, शिवाय कृषी सेवेच्या जागाही त्यातच घ्या म्हणून. तेव्हाही परीक्षा पुढे गेली, १ डिसेंबरला झाली. तिन्ही वेळा पुढारी नंतर आले. आधी मोबाइल, मग पोरं, मग कॅमेरे, मग पुढारी, असा क्रम. पूर्वी हा उलटा असायचा. पुढारी ठरवायचा, मग पत्रक छापायचं, मग पोरं गोळा करायची, आणि आम्हाला प्रेसनोट आदल्या दिवशीच मिळायची. आता आम्हालाही पोरांच्या स्टेटसवरून कळतं.

पण म्हणून मोबाइलने आंदोलन जन्माला घातलं असं म्हणायला मी तयार नाही. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलात जेवणाचे पैसे वीस टक्क्यांनी वाढवले. पोरं चिडली. कुणाकडे मोबाइल होता तेव्हा? मेसच्या बिलातून नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं आणि फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांचं सरकार गेलं. तिथेही तेच होतं, एकत्र राहणारी पोरं, एकच मेस, महागाईने आधीच पेटलेली घरं. मोबाइलने काय केलं, तर जे पसरायला आठवडे लागायचे ते दुपारच्या जेवणाआधी पसरायला लागलं. गवत वाळलेलं नसेल तर काडी कितीही टाका, धूर निघतो नुसता. माझ्या पेजवर मी रस्त्याच्या खड्ड्यांवर किती काड्या टाकल्यात, चौघं येतात कमेंटला, त्यातला एक ठेकेदाराचा मेव्हणा.

मग आमच्या पोरांचं गवत कुठे वाळलं होतं? हे मी तेव्हा विचारलंच नाही. परवा विचारलं, चार वर्षं उशिरा.

त्याला आत बोलावलं, बळेच बसवलं. म्हणालो, तू का आला होतास रे त्या दिवशी? तो व्हिडिओ बघून?

"व्हिडिओ तर सगळ्यांनीच बघितला होता सर. पण व्हिडिओत मुंबईचं सांगितलं होतं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एकाने टाकलं, आपण पण तहसीलला जाऊ. मला वाटलं दहा-बारा जण येतील."

अभ्यास कसा व्हायचा विचारलं. घरात एक मोबाइल, तो वडिलांकडे, वडील ऊसतोडीला मुकादमाबरोबर गेलेले. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च मोबाइल कोल्हापूरच्या फडात. हा मित्राच्या मोबाइलवर पीडीएफ बघायचा, वहीत उतरवून घ्यायचा. फिजिक्सचं प्रॅक्टिकल दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं. ऑनलाइन तास म्हणजे शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपवर यूट्यूबची लिंक टाकायचे. काही शिक्षकांनी फार कष्ट घेतले, गावोगाव पारावर जाऊन शिकवलं, ते मी स्वतः पाहिलंय. पण ते सगळीकडे नव्हतं.

आपण सगळे तेव्हा हसत होतो की कॉप्या करायला मिळाव्यात म्हणून ऑनलाइन परीक्षा मागतायत. असतीलही काही. पण याला मी विचारलं, तुझ्याकडे मोबाइलच नव्हता तर ऑनलाइन परीक्षा दिली कशी असतीस? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "परीक्षेचं नव्हतं सर ते. कुणी विचारलंच नव्हतं ना की तुम्हाला काही शिकवलंय का."

बरं, बोर्डानेही हे अगदीच मान्य केलं नव्हतं असं नाही. अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला होता, पेपरला जादा वेळ दिला, स्वतःच्याच शाळेत केंद्र दिलं. हे सगळं मुलांच्या बाजूचंच होतं. परीक्षा वर्गात झाली, बारावीचा निकाल ९४.२२ टक्के लागला, दहावीचा ९६.९४. आदल्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, तेव्हा दहावीचा ९९.९५ होता. परीक्षा रद्द करून कुणाचं भलं झालं असतं असं मला आजही वाटत नाही. म्हणजे मागणी चुकीची होती, असंच मी आजही म्हणेन. पण मागणी चुकीची असली म्हणजे दुखणं खोटं असतं का, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि तो मी त्या २३ मिनिटांत एकाही पोराला विचारला नाही. 'काय मागणी आहे तुमची' एवढंच विचारलं आणि त्यांनी रीलमधलं वाक्य परत मला ऐकवलं. त्यांच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. पुण्याच्या पोरांकडे होतं. ती पंचवीस-सव्वीसची, पदवीधर, राज्यघटना पाठ. त्यांच्यात कोण बोलणार, निवेदन कोण देणार, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट कोण देणार हे तासाभरात ठरलं. आमच्या पोरांना उसनं वाक्य देणारा माणूस मात्र मुंबईत होता. त्याला ना बारावीचा पेपर द्यायचा होता, ना पोलीस भरती.

इथे मला राग आहे, लपवत नाही. लाखो फॉलोअर असलेल्या माणसाने सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना 'या' म्हणायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला काय भोगावं लागेल याचा हिशेब ठेवायचा नाही. पण मग मी काय वेगळं केलं? त्याने बोलावलं, मी दाखवलं. त्याला लाखोंनी पाहिलं, मला ४१ हजारांनी. त्याला अटक तरी झाली.

काही जण म्हणतील, बंदच करा ही अ‍ॅप. अठराच्या आतल्यांना तरी बंद. शेजारी नेपाळमध्ये सरकारने हेच करून बघितलं. ४ सप्टेंबर २०२५ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप धरून २६ अ‍ॅपवर बंदी घातली, नोंदणी केली नाही म्हणून. त्याआधी तिथे पुढाऱ्यांच्या लेकरांच्या उंची गाड्या आणि परदेशी सहलींचे फोटो फिरत होते आणि खाली पोरं विचारत होती, हा पैसा कुणाचा. ८ तारखेला काठमांडूत पोरं रस्त्यावर आली, कित्येक शाळेच्या गणवेशात. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पहिल्याच दिवशी १९ गेले. त्या रात्री बंदी उठवली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, आणि संसद जळाली. मग त्याच पोरांनी डिस्कॉर्ड नावाच्या, मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी केलेल्या अ‍ॅपवर बसून चर्चा केली की हंगामी पंतप्रधान कोण हवं, आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं. १२ तारखेला त्यांचा शपथविधीही झाला. आमच्याकडे नगराध्यक्ष ठरवायला तीन महिने लागतात.

गणवेशातल्या त्या पोरांचे फोटो मी त्या आठवड्यात बघत होतो, शेअरही केले. तेव्हा एकदाही मला माझं तहसीलसमोरचं लाइव्ह आठवलं नाही. दुसऱ्याच्या देशातली पोरं आपल्याला लगेच क्रांतिकारक वाटतात.

परत त्या पोराकडे. कोरोनाकाळातले असले गुन्हे मागे घ्यायचा निर्णय सरकारने २०२२ मध्येच घेतला होता. पण निर्णय मुंबईत होतो आणि कागद तालुक्याला यायचा असतो. समिती, मग सरकारी वकील, मग कोर्ट. त्याला कुणी सांगितलं यादीत नाव आहे, कुणी सांगितलं नाही. कोर्टाचा कागद त्याच्या हातात नाही. दोन वर्षं तो पहाटे साडेचारला उठून पळतोय. सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आत आणतो, गोळा चांगला टाकतो. भरतीत निवड झाली की चारित्र्य पडताळणी असते. फॉर्ममध्ये विचारतात, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. 'हो' लिहिलं तर भीती, 'नाही' लिहिलं तर त्याहून मोठी भीती. मी त्याला म्हणालो, खरं ते लिही, लपवलेलं जास्त अंगाशी येतं. त्याच्याबरोबर एका वकिलांकडेही गेलो. ते म्हणाले, कोर्टातून प्रकरणाची सद्यस्थितीची नक्कल काढू, अर्ज करू. काल अर्ज दिला.

व्हिडिओ मी त्याच्यासमोरच डिलीट केला. 'हा व्हिडिओ कायमचा काढायचा का' असं विचारतं ना, तिथे बोट ठेवताना थांबलो होतो. खोटं कशाला बोलू. माझ्या पेजवरचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ होता तो.

दाराबाहेर जाऊन तो परत आला. म्हणाला, "सर, अजून एका पेजवर आहे. त्यांनी तुमचाच डाउनलोड करून, वरती गाणं लावून टाकलाय."

ते पेज कोण चालवतं मला माहीत नाही. चार दिवसांत तीन मेसेज पाठवलेत, उत्तर नाही. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचली तर बरं. गावातल्या कुणी तो व्हिडिओ जपून ठेवला असेल, कुठल्या ग्रुपात पडून असेल, तर कृपया काढा. आणि कृपया कमेंटमध्ये 'तो कोण' म्हणून विचारू नका, नाव टाकू नका. त्या दिवशी आलेल्या बाकीच्या पोरांपैकी कुणावर गुन्हा आहे आणि कागद मिळत नाही अशी अडचण असेल, तर मला इनबॉक्सला कळवा. वकील म्हणालेत, सगळ्यांचा अर्ज एकत्र देता येतो का ते बघू.